आपल्या गावी, आपल्या घरी : दिव्यांगांचे स्वावलंबी जीवन आणि गावाची सेवा

भंडारा जिल्ह्यात आषाढ-श्रावण हे रोवणीचे दिवस. पावसाने बांध्या भरल्या, चिखलणी झाली आणि पऱ्हे रोवण्याजोगे झाले की गावातील धडधाकट माणसे सकाळीच घराबाहेर पडतात. वैनगंगेच्या काठचा पवनी तालुका असो, जंगलालगतचा साकोली असो की चुलबंदच्या खोऱ्यातील लाखांदूर असो, या दिवसांत भर दुपारी एखाद्या गावात गेल्यास बहुतेक घरांची दारे लोटलेली आढळतात. घरी राहतात ती लहान मुले, थकलेली माणसे आणि ज्यांना चालता, उठता किंवा पाहता येत नाही अशी माणसे.

अशाच एका घराची कल्पना करावी. घरातील कर्त्या पुरुषाला झाडावरून पडून पाठीच्या कण्याला इजा झाली आहे आणि त्याचे कमरेखालचे शरीर लुळे पडले आहे. त्याला बोलता येते, हिशेब ठेवता येतो, हातांनी पुष्कळशी कामे करता येतात. मात्र खाटेवरून उतरण्यास आणि शौचास जाण्यास दुसऱ्याचा हात लागतो. अंथरुणावर असताना साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर कमरेवर व टाचांवर दाबाच्या जखमा होतात आणि त्या चिघळल्यास जिवावर बेततात. कूस स्वतः कशी बदलावी हे त्याला कोणी शिकविलेले नाही. पत्नी रोवणीला गेली तर हा माणूस दिवसभर एकाच कुशीवर पडून राहणार. ती घरी थांबली तर हंगामाची मजुरी बुडणार. नातेवाईक सल्ला देतात की, एखाद्या आश्रमात त्याची सोय पाहावी. या तिन्ही वाटा त्या कुटुंबाला नको आहेत. चौथी वाट आहे काय आणि ती काढण्यात ग्रामपंचायत, शाळा व शासकीय यंत्रणा यांना कोणता वाटा उचलता येईल, याचा विचार या लेखात केला आहे.

स्वावलंबन म्हणजे काय?

स्वावलंबन या शब्दाचा अर्थ आपण सामान्यतः ‘स्वतःचे काम स्वतः करणे’ असा घेतो. दिव्यांग व्यक्तीच्या संदर्भात हा अर्थ अपुरा पडतो. ज्याचे हातपाय चालत नाहीत त्याला आंघोळीसाठी मदत ही लागणारच. पण आंघोळ केव्हा करावी, मदतीला कोणी यावे, दिवसाचा वेळ कशात घालवावा आणि आपला पैसा कशावर खर्च करावा, हे त्याने स्वतः ठरविले तर तो स्वावलंबीच होय. उलट, चालता-फिरता येणारा मनुष्यही या सर्व बाबतींत दुसऱ्याच्या मर्जीवर असेल तर त्याला परावलंबीच म्हणावे लागेल. स्वावलंबनाची कसोटी निर्णय कोणाच्या हाती आहे, यावर लागते.

हा विचार जगापुढे ठळकपणे मांडला तो दिव्यांग व्यक्तींनीच. पोलिओमुळे मानेखालचे शरीर निकामी झालेले एड रॉबर्ट्स हे १९६२ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत शिक्षणासाठी दाखल झाले. त्यांना श्वासोच्छ्वासासाठीही यंत्राचा आधार घ्यावा लागे. पुढे १९७२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कले येथे स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन केले. मदतनीस शोधून देणे, राहण्याजोगे घर मिळवून देणे, चाकाच्या खुर्चीची दुरुस्ती करणे आणि एका दिव्यांगाने दुसऱ्याला अनुभवाचे चार शब्द सांगणे, असे त्या केंद्राच्या कामाचे स्वरूप होते. ही कामे दिसायला साधी आहेत. पण त्यांच्या आधाराने माणसे रुग्णालयातून व संस्थांतून बाहेर पडून गावात, शेजाऱ्यांमध्ये राहू लागली.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार संमत केला. त्याचे १९ वे कलम समाजात स्वतंत्रपणे राहण्याच्या हक्काविषयीच आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी या करारास मान्यता दिली. त्याला अनुसरून केलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. या अधिनियमाचे ५ वे कलम प्रत्येक पंचायत सदस्याने लक्षात ठेवावे असे आहे. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, एखाद्या विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर होऊ नये, आणि घरी मिळणाऱ्या, निवासी व इतर सामाजिक आधारसेवा तसेच आवश्यक तो वैयक्तिक मदतनीस तिला उपलब्ध व्हावा यासाठी शासनाने प्रयत्न करावा, असा त्याचा आशय आहे.

आश्रमापासून गावाकडे

विदर्भाला या प्रश्नाचा मोठा इतिहास आहे. कुष्ठरोग झालेल्या माणसाला गाव सोडावे लागे, घरातही थारा नसे, असा तो काळ होता. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे काम सुरू केले. पुढे बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभे राहिले. समाजाने टाकलेल्या माणसांनी तेथे शेती केली, कापड विणले, इमारती बांधल्या. पुढे अंध, मूकबधिर व इतर दिव्यांगांसाठी शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या सोयीही तेथे झाल्या. दान घेण्याऐवजी श्रमाने जगण्याचा मार्ग या संस्थांनी दाखविला. गावाने दार बंद केले होते, म्हणून या संस्थांना आपली वेगळी गावे वसवावी लागली, हे मात्र विसरता कामा नये.

तो काळ आता पालटला आहे. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार पद्धती आली आणि कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला. कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याची तरतूद असलेला १८९८ चा केंद्रीय कायदाही २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या पण अवयवांत विकृती राहिलेल्या व्यक्तीला आज घर सोडण्याचे वैद्यकीय कारण काहीच उरलेले नाही. मग तिला घरी राहून लागणारी सेवा घरीच मिळाली पाहिजे, हे ओघानेच येते.

१९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा पुरस्कार केल्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने ‘समुदायाधारित पुनर्वसन’ ही कल्पना पुढे आणली. दूरच्या शहरातील तज्ज्ञाकडे प्रत्येकाने जाण्याऐवजी गावातील कुटुंबीय, शेजारी, शिक्षक व आरोग्य कार्यकर्ते यांना सोपी तंत्रे शिकवावीत आणि अवघड बाबींपुरतेच तज्ज्ञांकडे पाठवावे, असे तिचे सूत्र आहे. महाराष्ट्रात नेतृत्वाच्या बाबतीतही एक ठळक उदाहरण आहे. स्वतः चाकाची खुर्ची वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापूर येथे ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सहकाऱ्यांसह स्थापन केली. ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांनीच ते चालविले, तर सेवेचे स्वरूप कसे बदलते, हे अशा कामांतून दिसून आले.

जिल्ह्याच्या विशेष गरजा

२०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार आणि देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. देशातील यांपैकी जवळजवळ ७० टक्के लोक ग्रामीण भागात राहणारे होते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या अधिनियमात ते २१ झाले. म्हणून जुन्या याद्यांवर विसंबून राहिल्यास अनेक गरजू व्यक्ती सुटून जातील. पूर्व विदर्भात ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण येथील काही दीर्घकाळच्या आजारांचा दिव्यांगत्वाशी निकटचा संबंध आहे.

पहिला कुष्ठरोग. रोग बरा झाला तरी हातापायांची गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. काटा रुतला, गरम भांड्याने बोट भाजले तरी कळत नाही आणि त्यातून जखमा होतात. धानाच्या चिखलात अनवाणी काम करणाऱ्याला हा धोका अधिक असतो. यावरचा उपाय घरच्या घरी करता येतो. रोज पाय साध्या पाण्यात वीस ते तीस मिनिटे भिजवावेत, घट्टे हळुवार घासावेत, ओलसर कातडीला तेल लावावे, तळपाय आरशात पाहून तपासावेत आणि मऊ रबरी तळाची खास पादत्राणे वापरावीत. ही पादत्राणे कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून दिली जातात. चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून एकमेकांचे पाय पाहिले तर ही सवय टिकते.

दुसरा हत्तीरोग. सुजलेला पाय रोज साबणाने स्वच्छ धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, भेगांवर औषध लावणे आणि बसताना पाय उंचावर ठेवणे एवढ्या काळजीने ताप व वेदनेचे झटके कमी होतात. त्यासाठी घरात किंवा घराजवळ स्वच्छ पाणी आणि बसून धुण्याजोगी जागा हवी. विहिरीवरून पाणी आणणे ज्याला शक्य नाही त्याच्या दाराशी नळ देणे ही त्याच्या दृष्टीने आरोग्यसेवाच होय.

तिसरा सिकलसेल आजार. तो आनुवंशिक आहे. माता व पिता दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. २०१६ च्या अधिनियमाने या आजाराचा दिव्यांगत्वात समावेश केला. हा रुग्ण बाहेरून धडधाकट दिसतो आणि म्हणूनच त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. शरीरात पाणी कमी पडले, थंडी बाधली किंवा अतिश्रम झाले की सांध्यांत व हाडांत असह्य वेदना सुरू होतात. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्याला वर्गात पाणी पिण्याची व लघवीला जाण्याची मुभा द्यावी, थंडीत मैदानावर उभे करू नये आणि वेदनेमुळे बुडालेल्या दिवसांचा अभ्यास भरून काढावा. यासाठी कोणताही निधी लागत नाही.

चौथा मानसिक आजार. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे रुग्णाला नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेतात. उपचारानंतर रुग्ण सुधारतो, पण त्याला परत आणण्यास घर कचरते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या १९ व्या कलमाने अशा व्यक्तीलाही समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. कुटुंब नाही, घर नाही किंवा गावात सोय नाही एवढ्याच कारणाने तिला रुग्णालयात ठेवता येत नाही. औषध वेळेवर मिळत आहे ना, हे आशा कार्यकर्तीने विचारणे आणि शेजाऱ्यांनी तिला ‘वेडी’ न म्हणता नावाने हाक मारणे, येथून गावाच्या सेवेची सुरुवात होते.

उंबरठा, रस्ता आणि सरकारी दार

तीनचाकी सायकल किंवा चाकाची खुर्ची मिळाली की काम झाले, असे आपण धरून चालतो. केंद्र शासनाची सहायक साधने पुरविण्याची योजना १९८१ पासून चालू आहे आणि तिचा लाभ असंख्य व्यक्तींनी घेतला आहे. परंतु खुर्ची मिळाली आणि ओसरीच्या दोन पायऱ्या तशाच राहिल्या, तर ती खुर्ची कपडे वाळत घालण्याच्या कामी येते. साधन, घर व रस्ता यांचा विचार एकत्र झाला पाहिजे.

उताराचा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. एक फूट उंची चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार हवा. अर्ध्या फुटाच्या पायरीला सहा फूट लांबी पुरते. याहून तीव्र उतारावर खुर्चीतील व्यक्तीला स्वतः चढता येत नाही आणि पावसात तो घसरणीचा होतो. पृष्ठभाग खरबरीत असावा, कडेला कठडा असावा. दाराची रुंदी सुमारे तीन फूट आणि आत खुर्ची वळविण्यासाठी पाच फूट मोकळी जागा असावी. शौचालयात बसण्याचे उंच आसन व भिंतीला दोन पकडदांडे लावले, तर लकवा झालेली व्यक्ती, गुडघे दुखणारी आजी आणि गरोदर स्त्री या सर्वांचीच सोय होते.

ग्रामपंचायत कार्यालय, रास्त भाव दुकान, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, शाळा आणि मतदान केंद्र या जागांची वर्षातून एकदा दिव्यांग व्यक्तींनाच बरोबर घेऊन पाहणी करावी. खुर्चीवरून किंवा पांढऱ्या काठीने त्या जागी पोहोचण्याचा प्रयत्न केल्याशिवाय नेमकी अडचण कळत नाही. दाराशी उतार आहे पण त्यापुढे नाली उघडी आहे, हे कागदावर दिसत नाही.

मदतनीस आणि गावाचा निधी

आता रोवणीच्या दिवसांतील त्या घराकडे पुन्हा वळू. त्या माणसाला पूर्ण दिवसाचा सेवक नको आहे. सकाळी एक तास, दुपारी अर्धा तास आणि हाकेला ओ देणारा शेजार एवढे त्याला पुरते. गावातील एखादी स्त्री किंवा तरुण ही सेवा प्रशिक्षण घेऊन मोबदल्यावर करू शकेल. उचलण्याची योग्य पद्धत, जखमा टाळणे, स्वच्छता आणि आजाराची धोक्याची लक्षणे ओळखणे हे विषय आरोग्य विभागाच्या साहाय्याने थोड्या दिवसांत शिकविता येण्याजोगे आहेत. मदतनिसाची निवड मात्र त्या व्यक्तीने करावी. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत मदतनीस स्त्रीच असावी आणि ती तिच्या पसंतीची असावी, हे कटाक्षाने पाहावे.

या सेवेला पैसा कोठून येणार, हा प्रश्न रास्त आहे. अधिनियमाच्या २४ व्या कलमात जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी मदतनीस भत्त्याचा उल्लेख आहे, तर ३८ व्या कलमात असा आधार मागण्याची कार्यपद्धती आहे. राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू असून तिच्यातून पात्र दिव्यांग व्यक्तींना मासिक अर्थसाहाय्य मिळते. याखेरीज जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत यांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत दिव्यांग कल्याणासह समाजकल्याण हा विषय पंचायतींच्या कार्यकक्षेत नमूद आहे, तेव्हा पंचायतींची ही जबाबदारी घटनामान्यच आहे.

लहान गावातील ही रक्कम मोठी नसते, हे मान्य केले पाहिजे. समजा एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न वर्षाला ४ लाख रुपये आहे, तर ५ टक्क्यांप्रमाणे २० हजार रुपये होतात. गावात २० दिव्यांग व्यक्ती असल्यास प्रत्येकी एक हजार रुपये वाटून मोकळे होण्याचा मोह पडतो. यादी पूर्ण होते, कोणाची तक्रार राहत नाही, पण कोणाचे आयुष्यही बदलत नाही. याच २० हजारांत रोवणीचे ४० दिवस दररोज ५०० रुपयांप्रमाणे एक मदतनीस ठेवता येईल आणि तो दोन-तीन घरांत जाऊ शकेल. किंवा दोन-तीन घरांचे उतार व शौचालयातील दांडे होतील. कोणता खर्च आधी करावा, हे दिव्यांग व्यक्तींची वेगळी बैठक घेऊन त्यांनीच सुचवावे. प्रचलित शासन निर्णयांनुसार कोणत्या बाबी अनुज्ञेय आहेत हे पाहून ग्रामसभेने तसा ठराव करावा आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्याची नोंद घ्यावी. एका गावाचा निधी अपुरा असेल तर शेजारच्या दोन-तीन पंचायतींनी पंचायत समितीच्या मार्गदर्शनाखाली एकत्र येण्याचा विचार करण्यास हरकत नाही.

स्वाक्षरीचा हक्क

सेवा पोहोचली, तरी निर्णय दुसराच घेत असेल तर स्वावलंबन साधले असे म्हणता येणार नाही. दिव्यांग व्यक्तीच्या नावे येणारे अर्थसाहाय्य तिच्या हाती पडते काय, बँक खात्याचे पुस्तक कोणाजवळ असते, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत तिचे नाव लागते काय, या प्रश्नांना गावात सहसा कोणी हात घालत नाही. अधिनियमाच्या १३ व्या कलमाने दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता धारण करण्याचा, वारसा मिळण्याचा व आपले आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा इतरांच्या बरोबरीने हक्क दिला आहे. आधार देणाऱ्याने तिच्यावर दबाव आणू नये, आणि हितसंबंधांचा संघर्ष असेल त्या व्यवहारात त्याने आधार देण्यापासून दूर राहावे, असेही हे कलम सांगते. भाऊच जमिनीचा दुसरा वाटेकरी असेल, तर त्याच वाटणीत बहिणीच्या वतीने त्याने अंगठा उठवून घेणे या तत्त्वात बसत नाही.

काही व्यक्तींना निर्णय घेण्यासाठी खरोखरच दुसऱ्याची मदत लागते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा कायदा आहे. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालकाची नेमणूक करते. न्यासाच्या निरामय योजनेत या व्यक्तींना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षणही मिळते. ‘आमच्या मागे या लेकराचे कसे होणार?’ हा प्रश्न अशा मुलांच्या आईवडिलांना रात्रंदिवस छळत असतो. तो प्रश्न आईवडील हयात असतानाच समितीपुढे नेण्यास शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्यांना साहाय्य केले पाहिजे.

शाळेचा वाटा

गंभीर दिव्यांगत्व असलेल्या बालकांसाठी घरी जाऊन शिक्षण देण्याची सोय समग्र शिक्षा अभियानात आहे. ज्या बालकाला शाळेत येणे खरोखरच अशक्य आहे त्याच्यासाठी ती उपयुक्त आहे. पण वर्गाला उतार नाही किंवा शौचालयाची सोय नाही म्हणून मुलाला घरीच शिकवावे, असे होऊ लागले तर सोयीचे रूपांतर बंदिवासात होईल. जो मुलगा बालपणी शाळेच्या पटावर व मैदानावर इतर मुलांबरोबर वावरला, त्याला पुढे ग्रामसभेत उभे राहून बोलताना संकोच वाटत नाही. त्याच्या वर्गमित्रांनाही त्याला मदत कशी करावी आणि केव्हा करू नये, हे वेगळे शिकवावे लागत नाही. गावाला उद्या लागणारे मदतनीस, पंच आणि शेजारी याच वर्गात घडत असतात.

ग्रामसभेपुढील प्रश्न

कामाचा आरंभ करावयाचा तर पुढील पाच प्रश्न ग्रामसभेपुढे ठेवावेत. गावातील सर्व २१ प्रकारच्या दिव्यांग व्यक्तींची यादी अद्ययावत आहे काय, आणि त्यांपैकी किती जणांजवळ प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र आहे? ज्यांना जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणीसाठी जाणे अवघड आहे, त्यांच्या वाहनाची सोय कोण करणार? गावातील कोणत्या सार्वजनिक जागी खुर्चीने किंवा काठीने पोहोचता येत नाही? रोवणी व कापणीच्या दिवसांत कोणत्या घरी एखादी व्यक्ती एकटी राहते? आणि ५ टक्के निधी कशावर खर्च व्हावा, याविषयी त्या व्यक्तींचे स्वतःचे म्हणणे काय आहे? यांपैकी चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही शासकीय नमुन्यात मिळणार नाही. ते आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि शेजारी यांनाच ठाऊक असते.

ही उत्तरे मिळाली आणि त्यांप्रमाणे काम झाले तर त्या घरात काय बदल होईल, हे सांगता येते. कूस बदलण्याचे आणि हातांच्या आधाराने खाटेवरून खुर्चीवर सरकण्याचे तंत्र तो माणूस शिकेल. ओसरीला उतार झाल्याने तो अंगणात येईल. सकाळी मदतनीस येऊन जाईल, दुपारी शेजारची मुलगी पाण्याचा तांब्या भरून ठेवील. पत्नी निर्धास्तपणे बांधीत उतरेल. हिशेबाची सवय असलेला तो गृहस्थ बचत गटाची वही लिहील किंवा ओसरीवरच लहानसे दुकान मांडील, हे त्याच्या इच्छेवर राहील. एवढ्यासाठी त्याला गाव सोडावे लागणार नाही. आपल्या गावी, आपल्या घरी, आपल्या मर्जीने राहण्याचा जो हक्क कायद्याने त्याला दिला आहे, तो प्रत्यक्षात उतरविण्याची सुरुवात पुढच्या रोवणीच्या आधी होणाऱ्या ग्रामसभेतच करता येईल.